उडी आधी मोजा, दरी नंतर खणा

गेमची लेव्हल बनवायला बसलं की हात आधी टाइलांकडे, म्हणजे पडदा ज्यांनी भरतो त्या चौकोनी तुकड्यांकडे जातो. थोडं गवत, थोड्या विटा, दोन काटे, एक तरंगता प्लॅटफॉर्म. अर्ध्या तासात पडद्यावर काहीतरी देखणं उभं राहतं, आणि मग उडी थोडी वाढवावीशी वाटते. उडी वाढली की खणलेल्या सगळ्या दऱ्या फुकटात सोप्या होतात, भिंती बुटक्या पडतात आणि अख्खी लेव्हल परत मांडायची वेळ येते. साध्या टू-डी प्लॅटफॉर्मरमध्ये (बाजूने दिसणारा, पळत-उड्या मारत पुढे जायचा गेम) पहिलं काम म्हणजे उडी ठरवायची, मोजायची आणि तिला कुलूप लावायचं. टाइलांना त्यानंतर हात.

पुढचे सगळे आकडे एका नमुन्याचे आहेत. टाइल १६ × १६ पिक्सेल. पडदा ३२० × १८० (चौपट केला की १२८० × ७२०, सहापट केला की १९२० × १०८०, म्हणून हे माप सोयीचं). पळण्याचा वेग सेकंदाला १२० पिक्सेल. हालचालीचं गणित सेकंदाला ६० वेळा (अशी एक वेळ म्हणजे एक फ्रेम), म्हणजे पात्र दर फ्रेमला २ पिक्सेल सरकतं. हिटबॉक्स, म्हणजे टक्कर मोजायला धरलेला पात्राचा अदृश्य चौकोन, १२ पिक्सेल रुंद. तुमच्या गेमचे आकडे वेगळे असतील, हिशोबाची रीत हीच.

उडीचा हिशोब

गुरुत्वाकर्षण आणि उडीचा वेग हे दोन आकडे चाचपडत बदलत बसू नका. त्यात दिवस जातो. त्याऐवजी उडी किती उंच हवी आणि माथ्यावर पोचायला किती वेळ लागावा, एवढंच ठरवा. उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग म्हणजे गुरुत्वाकर्षण. उंचीची दुप्पट भागिले वेळ म्हणजे सुरुवातीचा वेग. ४ टाइल उंची, म्हणजे ६४ पिक्सेल, आणि ०.४ सेकंद धरले तर गुरुत्वाकर्षण ८०० आणि वेग ३२० येतो.

आता ४ टाइल उंच भिंत ठेवून चढून बघा. बऱ्याचदा पात्र चढत नाही. कठड्याच्या जरा खाली डोकं आपटल्यासारखं करून परत येतं. गणित चुकलेलं नसतं. कागदावरची उडी सलग असते, गेममधली फ्रेमागणिक तुकड्यांची. उडीचा वेग दिल्यावर त्याच फ्रेममध्ये आधी गुरुत्वाकर्षण वजा केलं आणि मग पात्र हलवलं, तर माथा ६४ ऐवजी ६१.३३ पिक्सेलांवर येतो. पहिल्या फ्रेममध्ये वजाबाकी झालीच नाही, तर तोच माथा ६६.६७ वर जातो. कोडच्या दोन ओळींची अदलाबदल आणि पाच पिक्सेलांहून जास्त फरक. म्हणून हव्या त्या टाइलांपेक्षा पाव ते अर्धी टाइल जास्त उंची मागायची. ७२ पिक्सेल मागा: गुरुत्वाकर्षण ९००, वेग ३६०, आणि पहिल्या क्रमाने खरा माथा ६९. चार टाइलांची भिंत आता ५ पिक्सेल राखून चढता येते, पाच टाइलांची कधीच नाही. पुढे हीच उडी आणि हाच क्रम धरला आहे.

याच कारणासाठी हालचालीचं गणित पडद्याच्या फ्रेमरेटला बांधू नका. बांधलं तर हीच उडी ३० फ्रेमवर ६६ पिक्सेलांची आणि १४४ वर पावणेएकाहत्तरची होते. गोडोसारख्या गेम बनवायच्या इंजिनात हालचालीसाठी वेगळा, ठरावीक ठोक्याचा फंक्शन असतो. उडी तिथेच लिहायची.

दरी किती अवघड, हे फ्रेममध्ये मोजा

सपाट जमिनीवर ही उडी ४७ फ्रेम हवेत राहते, म्हणजे ९४ पिक्सेल पुढे जाते. मागची टाच कड्यावर १ पिक्सेल टेकलेली असताना उडी मारली आणि पलीकडे पुढचं बोट १ पिक्सेल टेकलं तरी पात्र उभं राहतं. म्हणजे हिटबॉक्सची रुंदी धरून कमाल दरी १०४ पिक्सेल.

सहा टाइलांची दरी ९६ पिक्सेलांची. शिल्लक ८ पिक्सेल, म्हणजे ४ फ्रेम. उडीचं बटण दाबायला खेळणाऱ्याकडे सुमारे ०.०७ सेकंद आहेत. पाच टाइलांना शिल्लक २४ पिक्सेल, १२ फ्रेम. चार टाइलांना २० फ्रेम, तीन टाइलांना २८, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद. दरी एकेका टाइलने वाढते, अडचण मात्र तशी वाढत नाही. पाचावरून सहावर जाताना हातातला वेळ एका झटक्यात तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पहिल्या लेव्हलच्या मुख्य वाटेवर तीन आणि चार टाइलांच्या दऱ्या, शेवटी एखादी पाचाची. सहाची फक्त बाजूच्या, ऐच्छिक बक्षिसासाठी.

यात दोन सवलती घालायच्या. कड्यावरून पाय सुटल्यावरही थोडा वेळ उडी चालू देणं, याला कोयोटी टाइम म्हणतात. कार्टूनमधला कोयोटी कड्याच्या पुढे हवेत क्षणभर तरंगतो, त्यावरून. दुसरी सवलत म्हणजे जमिनीला टेकण्याआधी थोडं लवकर दाबलेलं बटण लक्षात ठेवून टेकताक्षणी उडी देणं. २०१८ च्या सेलेस्टमध्ये कड्याची सवलत ०.१ सेकंदाची आहे, आणि अवघड गेम म्हणून त्याचा लौकिक त्यामुळे कमी झालेला नाही. ०.१ सेकंद म्हणजे ६ फ्रेम. सहा टाइलांच्या दरीला चाराऐवजी दहा फ्रेम मिळतात. खेळणाऱ्याला सवलत मिळाल्याचं कळतही नाही. ‘मी दाबलं होतं’ ही तक्रार तेवढी बंद होते.

एक धोका आहे. कोयोटी टाइम घातल्यावर सात टाइलांची दरी जेमतेम पार होते. ‘इथून पलीकडे जाताच येणार नाही’ या भरवशावर सात टाइल ठेवल्या असतील, तर कोणीतरी पलीकडे जाणार, आणि तिकडून परतीची वाट नसेल तर तिथेच अडकणार. अडवायचंच असेल तर आठ टाइल किंवा सरळ भिंत. खड्ड्यांचंही तसंच. पाच टाइल खोल खड्ड्यात पडल्यावर पात्र मरतही नसेल आणि वर येण्यासाठी पायरीही नसेल, तर गेम तिथे संपला, फक्त खेळणाऱ्याला ते सांगितलं गेलेलं नाही.

हे सगळं एका वेगळ्या खोलीत मांडून ठेवा: तीन ते आठ टाइलांच्या दऱ्या, एक ते पाच टाइलांच्या भिंती, डोक्यावर दोन-तीन टाइलांवर छत असलेला बोगदा. उडीचा आकडा कधी बदलावाच लागला, तर आधी या खोलीत फेरी. छताचा बोगदा लोक विसरतात. छत खाली असलं की डोकं आपटून उडी तिथेच तुटते, आणि एरवी सोपी असलेली चार टाइलांची दरी अशक्य होऊन बसते.

मांडणी

आता लेव्हल. चित्रं अजूनही नाहीत. जमीन राखाडी, मारणारं लाल, गोळा करायचं पिवळं, एवढे तीन रंग बास. सुरुवातीला १२० टाइल लांबी पुरते: सरळ पळत गेलं तर १६ सेकंद, आणि पहिल्यांदा खेळणाऱ्याला याच्या काही पट. त्याहून लांब लेव्हल बनवण्याचा मोह आवरा. लांबी वाढवून मजा वाढत नाही, तपासायचं काम तेवढं वाढतं.

एका लेव्हलमध्ये एकच नवी गोष्ट. समजा, पाय ठेवल्यावर अर्ध्या सेकंदाने कोसळणारा प्लॅटफॉर्म. आधी तो जमिनीच्या एक टाइल वर ठेवा. कोसळला तरी काही बिघडत नाही. मग दरीवर. मग दोन लागोपाठ, पण मध्ये एक शत्रू येरझाऱ्या घालतोय. शेवटी सगळं एकत्र, एकदाच, आणि निशाण. निन्टेन्डोचे कोइची हायाशिदा यांनी त्यांच्या मारिओ लेव्हलांबद्दल बोलताना याच चार टप्प्यांचं सूत्र सांगितलं होतं: ओळख, वाढ, कलाटणी, शेवट. याहून जुना आणि सुटसुटीत नमुना १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सच्या पहिल्याच लेव्हलमध्ये आहे. शेवटाकडे समोरासमोर तोंड केलेल्या दोन जिन्यांची एक जोडी येते, मध्ये भरीव जमीन. उडी चुकली तर खाली उतरायचं, परत चढायचं. थोडं पुढे तशीच दुसरी जोडी, आणि या वेळी मध्ये दरी. शब्द एकही नाही.

नाणी हा सर्वांत स्वस्त शिक्षक. उडीच्या कमानीवर पाच नाणी ठेवली की कुठून उडायचं आणि कुठे उतरायचं ते दिसतं. पण ती कमान खऱ्या उडीचीच हवी. पात्राच्या प्रत्येक फ्रेमची जागा पडद्यावर ठिपक्यांनी उमटवणारी चार ओळींची सोय करून घ्या आणि नाणी त्या ठिपक्यांवर बसवा. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने बसवलेली शेवटची दोन नाणी हमखास आवाक्याबाहेर जातात, आणि लोक त्यांच्यापायी दरीत पडतात.

कॅमेऱ्याचा हिशोब इथेच उरकून घ्या. पात्र पडद्याच्या मध्यावर असेल तर पुढे १६० पिक्सेल दिसतात, म्हणजे पळताना १.३ सेकंद. समोरून सेकंदाला ४० पिक्सेलांनी शत्रू येत असेल तर उरला एक सेकंद. कॅमेरा पळण्याच्या दिशेने ४० पिक्सेल पुढे सरकवला की पाव सेकंद परत मिळतो. खाली उतरायच्या जागा जास्त फसव्या. खालची जमीन पडद्यात दिसत नसेल तर खेळणारा डोळे मिटून उडी मारतो. तिथे काटे ठेवणं हा लबाडपणा आहे, अडचण नव्हे.

काट्यांचा हिटबॉक्स चित्रापेक्षा लहान ठेवा: १६ पिक्सेल रुंद काट्यांना १० पुरे. नाण्यांचा उलट, चित्रापेक्षा दोन-तीन पिक्सेल मोठा. दोन्ही चुका खेळणाऱ्याच्या बाजूने झाल्या की कोणी कुरकुर करत नाही.

चेकपॉइंट (मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा) अवघड जागेच्या लगेच आधी हवा, नंतर नव्हे. मेल्यापासून पुन्हा हातात नियंत्रण येईपर्यंत एक सेकंदाच्या आत. परत जन्माला येण्याच्या जागी शत्रू फिरत येऊ शकतो का, तेही बघा. नाहीतर जन्मताच मरण्याचं चक्र सुरू होतं.

दुसऱ्याच्या हातात देताना

स्वतः खेळून अडचण कळत नाही. लेव्हल बनवता बनवता तुमची तिच्यावरून शेकडो वेळा ये-जा झालेली असते, बोटांना ती पाठ असते. तुम्हाला ‘बरी’ वाटते ती नवख्याला जड जाते, आणि तुम्हाला ‘थोडी अवघड’ वाटते ती नवखा सोडून देतो.

एका फेरीला पाच जण पुरतात. वापरसुलभतेच्या चाचण्यांबद्दल त्या विषयातले तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी हाच आकडा मांडला होता, आणि त्यातला खरा मुद्दा असा की पंधरा जणांची एक फेरी करण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या करा, मध्ये दुरुस्ती करून. दर फेरीला माणसं नवी. एकदा खेळलेल्याची नवखी नजर परत मिळत नाही. म्हणून ओळखीतल्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी दाखवून टाकू नका. पाचात किमान दोघे असे गेम क्वचित खेळणारे हवेत. पाचही मुरलेले असतील तर तुमच्या काट्यांची तारीफ होईल आणि हाती काही लागणार नाही.

बसवायचं, कंट्रोलर द्यायचा आणि सांगायचं: ‘आम्ही गेम तपासतोय, तुम्हाला नाही. मनात येईल ते मोठ्याने बोला. मध्ये मी काही सांगणार नाही.’ त्यानंतर खरंच गप्प. हे सगळ्यात अवघड. माणूस चौथ्यांदा त्याच दरीत पडतो आणि ‘अहो, बटण दाबून धरा’ हे जिभेच्या टोकावर येतं. ते बोललात तर त्या दरीबद्दलची माहिती गेली. गेमबरोबर तुम्ही घरोघरी जाणार नाही. कोणी अडकून दोन मिनिटं झाली तर वेळ टिपा, मदत करा, आणि ती जागा ‘नापास’ लिहा.

टिपण दोन प्रकारचं. गेमनेच प्रत्येक मरणाची एक ओळ फाइलमध्ये टाकावी: वेळ, जागेचे दोन आकडे, कशाने मेला, त्या वेळी वेग किती, शेवटची उडी कुठून घेतली. शेवटचा रकाना लोक सोडतात आणि तोच सगळ्यात कामाचा. दुसरं टिपण हाताने: कुठे थांबला, कुठे मागे फिरला, कुठे ‘अरे!’ म्हणाला. कॅमेरा चेहऱ्यावर रोखण्यापेक्षा हातांवर रोखलेला बरा. चुकीचं बटण, घट्ट पकडलेला अंगठा, दोन बटणांमधली गफलत तिथे दिसते.

खेळून झाल्यावर ‘आवडली का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘त्या लाल भागाशी काय करायचं असं वाटलं होतं?’ विचारा. ‘शेवटचे कोणत्या कारणाने मेलात?’ विचारा. उत्तर ‘माझीच चूक’ असं आलं तर जागा बहुधा ठीक आहे, ‘काय झालं कळलंच नाही’ असं आलं तर जागा तपासा. लोक उपायही सुचवतात, डबल जंप (हवेतच दुसरी उडी) द्या, जीव वाढवा. ते लिहून घ्या, पण तसंच्या तसं करू नका. त्या सूचनेत दुखणं कुठे आहे तेवढं बघा.

एक दरी जवळून

मरणं तीन प्रकारची: दिसलं नाही, कळलं नाही, जमलं नाही. पहिल्याला कॅमेरा किंवा रंग, दुसऱ्याला आधी एक सुरक्षित ओळख, तिसऱ्याला मापं बदलायची. गल्लत झाली की चुकीची जागा दुरुस्त होते. एक नेहमी दिसणारं उदाहरण घ्या.

पाच टाइलांची दरी, मग दोन टाइलांचा कडा, मग तीन टाइलांची दरी. फाइलमध्ये बहुतेक मरणं दुसऱ्या, तीन टाइलांच्या दरीत. पहिला विचार येतो, ती दोन टाइलांची करू. पण तीन टाइलांची दरी याच लेव्हलमध्ये आधी दोनदा सगळ्यांनी सहज ओलांडलेली असते. उडी कुठून घेतली तो रकाना बघा. मेलेल्यांनी पहिली उडी अगदी कड्यावरून घेतलेली दिसते. आता मोजा. कड्याच्या शेवटच्या पिक्सेलवरून उडालेल्या पात्राची टाच ९४ पिक्सेल पुढे टेकते. मधला कडा ३२ पिक्सेलांचा, त्यातला १८ पिक्सेलांचाच भाग टाचेपुढे उरतो. ९ फ्रेम, ०.१५ सेकंद. तेवढ्यात माणसाला ‘टेकलो’ हे उमगतही नाही, पुढचं बटण दाबणं लांब राहिलं. लवकर उडालेल्याला त्याच कड्यावर २१ फ्रेम मिळतात. म्हणजे ज्याने कड्याचा शेवटपर्यंत नीट उपयोग केला, त्यालाच शिक्षा.

दुरुस्ती दरीत नाही, कड्यात आहे. कडा दोनाचा पाच टाइलांचा केला की ९ च्या ३३ फ्रेम होतात, अर्ध्या सेकंदाहून जास्त. दोन्ही दऱ्या तशाच राहतात. कडा तीनचा करून थांबणारेही असतात. ९ अधिक ८, सतराच फ्रेम झाल्या. मग पुढच्या फेरीत मरणं थोडी कमी होतात आणि दुखणं गेलं असं वाटतं.

एका फेरीत एका जागेचा एकच आकडा बदला. कडाही वाढवला आणि शत्रूही काढला, तर कशाने फरक पडला ते कळत नाही. बदललेल्या प्रत्येक आकड्याची जुनी किंमत लिहून ठेवा, कारण पाचातले दोन बदल तरी उलटवावे लागतात. पाचापैकी तिघे एकाच जागी तीनपेक्षा जास्त वेळा मेले तर ती जागा आधी घ्यायची, हा आमचा कामचलाऊ नियम. एकटा एकच जण बारा वेळा मेला असेल तर आधी त्याचा कंट्रोलर बघा. बिनतारी कंट्रोलर आणि गेम मोड बंद असलेला टीव्ही मिळून चांगलीच दिरंगाई होते, आणि सहा टाइलांच्या दरीच्या चार फ्रेम तिथेच संपतात.

नवे पाच जण कुठेही न अडकता शेवटच्या निशाणापर्यंत पोचले की मगच चित्रं बसवायची, आणि चित्रं बसल्यावर आणखी एक फेरी. ही फेरी सहसा टाळली जाते. राखाडी टाइलवर गवत चढतं, गवताची पाती कड्याच्या बाहेर तीन-चार पिक्सेल लोंबतात, आणि खेळणाऱ्याच्या डोळ्याला कडा तिथपर्यंत दिसतो. तो दोन फ्रेम उशिरा उडतो. कोयोटी टाइम असेल तर खपून जातं, नसेल तर काल पार होणारी दरी आज होत नाही आणि मापं तर तीच असतात. गवत कड्याच्या आत कापा, किंवा लोंबणारी पाती इतकी फिकी करा की त्यावर पाय ठेवावा असं कोणाला वाटणार नाही.